आंबट, आंबवलेली, आंबून गेलेली

कॉफीबद्दल मला आजवर विचारलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न तीन शब्दांचा होता. माझी एक मैत्रीण कॉफी भाजते. तिच्याकडे बसून एक कप पीत असताना मी सहज म्हणाले, "ही जरा आंबट लागतेय ना?" तिने माझ्या हातातून कप घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि विचारलं, "आंबट, की आंबवलेली?"

मला सांगता येईना. दोन्ही शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातले. लिंबू आंबट असतं आणि पीठ आंबवतात, यात मी कधी गल्लत करत नाही. पण कॉफी जिभेवर असताना त्या दोघांतला फरक कुठे शोधायचा हेच ठाऊक नव्हतं. आणि वॉश्ड, नॅचरल, हनी या पाकिटावरच्या शब्दांचा, म्हणजे फळातून बी काढून वाळवण्याच्या प्रक्रियांच्या नावांचा, अर्थ मात्र मी कुणालाही घडाघडा सांगितला असता.

तोवर मी प्रक्रियेची चव ओळखायला शिकत होते ती पद्धतच चुकीची होती. इथिओपियाची नॅचरल आणि कोलंबियाची वॉश्ड शेजारी ठेवायची, दोन्ही चाखायच्या आणि म्हणायचं, बघा प्रक्रियेने किती फरक पडतो. पण त्या दोन कपांत माती वेगळी, झाडाची जात वेगळी, मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी, भाजणारा हात वेगळा. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर त्यातला प्रक्रियेचा वाटा किती, हे कोण सांगणार? मी माझ्यापुरता नियम करून टाकला होता: फळासारखी लागली की नॅचरल, नाही लागली की वॉश्ड. या नियमाने मला बरीच वर्षं फसवलं.

त्या दिवशी निघताना मैत्रिणीने तीन छोटी पाकिटं हातात ठेवली. एकच मळा, झाडाची एकच जात, एकाच आठवड्यात तोडलेली फळं आणि शक्य तितकी सारखी भाजणी. एक वॉश्ड, एक हनी, एक नॅचरल. "यातली कुठली आवडली ते मला नको सांगूस," ती म्हणाली. "कुठली कुठली आहे ते ओळखता आलं की ये."

पुढचं समजायला फळाची रचना माहीत असावी लागते आणि ती मला पुस्तकापेक्षा बोटांनी जास्त नीट कळली. एकदा तोडणीच्या दिवसांत मी एका मळ्यात गेले होते. तिथे एक पिकलेलं लाल फळ चिमटीत धरून दाबलं, तर साल फाटून दोन बिया अशा सुळकन निसटल्या की एक थेट मातीत गेली. दुसरी तळहातावर धरून ठेवता येत नव्हती, इतकी बुळबुळीत. सालीखाली रसाळ गर असेल अशी माझी समजूत होती. पण खाण्याजोगा गर जवळजवळ नव्हताच. होता तो बीला घट्ट चिकटलेला, गोडसर चवीचा पातळ, चिकट थर. त्या थराखाली पार्चमेंट म्हणतात ते कडक टरफल, त्याखाली चंदेरी पापुद्रा आणि मग खरं बी. त्या बुळबुळीत थराचं काय करायचं, यावर सगळ्या प्रक्रियांची वाट ठरते.

वॉश्डमध्ये साल यंत्राने काढतात आणि चिकट थरासकट बिया टाकीत ठेवतात. हवेतले, सालीवरचे, टाकीतले सूक्ष्मजीव तो थर सैल करतात. साधारण बारा ते छत्तीस तास, हवा थंड असेल तर जास्त. मग धुऊन बिया वाळवायच्या. थर सुटला की नाही हे त्या मळ्यातली बाई घड्याळ बघून ठरवत नव्हती. तिने टाकीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बिया वर काढल्या, पाण्यात खळबळल्या आणि दोन्ही तळव्यांत चोळल्या. "ऐका," म्हणाली. बारीक खडी चोळल्यासारखा करकर आवाज आला. तासाभरापूर्वी तिने असंच चोळून दाखवलं होतं तेव्हा बिया नुसत्या सटकत होत्या, आवाज नव्हता. तो करकर आवाज म्हणजे टाकी रिकामी करायची वेळ.

नॅचरलमध्ये यातलं काहीच नाही. अख्खं फळ उन्हात पसरायचं, हलवत राहायचं, दोन ते चार आठवडे. साल सुरकुतते, काळपट होते, आतला थर बीवरच आटतो. बीतला ओलावा दहा ते बारा टक्क्यांवर आला की वाळलेलं सगळं कवच एकदम फोडून काढायचं. ही सगळ्यात जुनी पद्धत; येमेन आणि इथिओपियात कॉफी अशीच वाळवत आले. सोपी वाटते, पण ओलं फळ इतके दिवस सांभाळायचं म्हणजे रोजची धास्ती. ढीग जाड झाला, रात्री झाकायचं राहिलं, मध्येच पाऊस आला, की आत काय सुरू होईल याचा भरवसा नाही.

हनी या दोघांच्या मध्ये. साल काढायची, पण चिकट थर तसाच ठेवून वाळवायचं. यात मध कुठेच नसतो. त्या चिकट थरालाच स्पॅनिशमध्ये मध म्हणतात, त्यावरून नाव आलं.

आता ती तीन पाकिटं. घरी मी कपिंग, म्हणजे ठरावीक पद्धतीने कॉफी चाखून पारखणं, करते ते शक्य तितकं नियमाने. दीडशे मिलीलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम हे ठरलेलं प्रमाण. माझे कप दोनशेचे आहेत म्हणून अकरा ग्रॅम. पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपास. ओतल्यावर वर कॉफीची जाड साय धरते. चार मिनिटांनी ती चमच्याने मोडायची, नाक जवळजवळ कपात घालून वास घ्यायचा, फेस काढून टाकायचा आणि थांबायचं. हे थांबणं मला तेव्हा जमत नव्हतं. मी लगेच चाखलं. तिन्ही कप गरम होते आणि तिन्ही कपांत मला कॉफी लागली. वहीत लिहिलंय तसं: "१: छान. २: छान, गोड. ३: छान, वास जास्त."

दहा मिनिटांनी परत चाखलं तेव्हा तिसरा कप पुढे आला होता. स्ट्रॉबेरीसारखं काहीतरी, मागे मनुका. ती नॅचरल हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पहिला आणि दुसरा मात्र एकमेकांत मिसळत राहिले. वीस-पंचवीस मिनिटं झाली, कप कोमट झाले, आणि तेव्हा प्रथमच काहीतरी उघडलं. पहिल्या कपाचा आंबटपणा धार लावल्यासारखा स्पष्ट झाला. जिभेच्या दोन्ही कडांना लागायचा आणि चटकन संपायचा. मागे तोंड स्वच्छ. दुसऱ्यातही आंबटपणा तेवढाच होता, पण त्याच्या कडा घासून गोल केल्यासारख्या. तो संपतही नव्हता. गोडव्यात विरत विरत खाली जायचा. तेव्हापासून मी कप गरम असताना नोंदी करत नाही. गरम कपात भाजणी बोलते. बाकीचं हळूहळू वर येतं.

आठवड्याने मला वाटलं, आपल्याला जमलं. नवऱ्याला म्हटलं, माझी परीक्षा घे. कॉफी चाखणाऱ्यांच्या जागतिक स्पर्धेत जी पद्धत वापरतात तीच: तीन कप समोर, दोन सारखे, एक वेगळा, तो ओळखायचा. असे आठ संच. स्पर्धेत आठ मिनिटं देतात, मी वेळ लावली नाही. त्याने कपांच्या बुडाला पेन्सिलीने खुणा केल्या. मला बिया बघू दिल्या नाहीत, तेही बरोबरच होतं. भाजलेल्या वॉश्ड बीच्या मधल्या चिरेतला पापुद्रा फिकट, पांढरट राहतो आणि नॅचरलचा काळपट दिसतो, त्यामुळे डोळ्यांनी उत्तर मिळून जातं.

आठापैकी तीन बरोबर आले. तीन कपांतून डोळे मिटून एक उचलला तरी सरासरीने आठांत दोन-तीन बरोबर येणारच. म्हणजे मला काहीही ओळखता येत नव्हतं. "अगं, नॅचरल ओळखलीस की," तो म्हणाला. पण तीही सगळीकडे ओळखली नव्हती. एका संचात दोन नॅचरल आणि एक हनी होती, तिथे मी चक्क एक नॅचरल वेगळी काढून ठेवली.

वही उघडून मी काय लिहिलंय ते नीट वाचलं, तेव्हा चूक दिसली. प्रत्येक नोंदीत फळांची नावं होती. संत्रं, जर्दाळू, चेरी, मनुका. मी कप तोंडात घेऊन त्याला फळाचं नाव शोधत होते आणि एकदा नाव सापडलं की जीभ काम करणं बंद करायची. चवींचं जे चक्र सगळे वापरतात, १९९५ सालचं आणि मग २०१६ मध्ये नव्याने केलेलं, ते मी भिंतीवर लावलं होतं. ते चांगलंच आहे. पण ते नावांचं चक्र आहे, आणि प्रक्रिया नावांत राहत नाही. वॉश्ड कॉफीतही बेरीचा वास येऊ शकतो. केनियाची कॉफी बहुतेक वॉश्ड असते आणि तिच्यात ब्लॅककरंट नावाच्या काळ्या बेरीसारखा ठसठशीत वास बऱ्याचदा सापडतो. माझा 'फळ म्हणजे नॅचरल' हा नियम त्या एका कपाने मोडायला हवा होता.

मग मी नावं लिहिणं पूर्ण थांबवलं. दीड महिना फक्त तीन प्रश्न. आंबटपणाची कड कशी आहे, तीक्ष्ण की गोल? घोट जिभेवर किती जड आहे? आणि गिळल्यावर जे उरतं ते कसं संपतं, एकदम की रेंगाळत? कधी तोंडाने उत्तर यायचं नाही तेव्हा हाताने काढायचे. वॉश्डसाठी वहीत एक सरळ रेघ, टोकाला तुटलेली. हनीसाठी उतरणीसारखी. नॅचरलसाठी एक फुगा, ज्याची मागची बाजू नीट बंदच होत नाही. या रेघांवरून मला आजही कपांची आठवण होते, शब्दांवरून होत नाही.

शब्द मात्र परत आले, आणि आले ते मराठीतून. इंग्रजीत या आंबटपणाला ॲसिडिटी म्हणतात. आपल्याकडे ॲसिडिटी म्हटलं की छातीत जळजळ आणि औषधाची गोळी, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात कौतुकाचा कधी झालाच नाही. आणि बरं झालं, कारण त्यामुळे मला स्वतःचे शब्द शोधावे लागले, आणि बघते तर या कामासाठी मराठी एकदम तयार होती. आंबट म्हणजे फळातच असलेलं, ताजं. आंबूस म्हणजे त्याचीच हलकी छटा. आंबवलेलं म्हणजे कुणीतरी वेळ देऊन, नजर ठेवून घडवलेलं. आंबलेलं म्हणजे नजर चुकली. आंबून गेलेलं म्हणजे टाकून द्यायचं. शिवाय आणखी एक शब्द आहे, जो मला सगळ्यात प्रिय झालाय: मुरलेलं. उत्तम नॅचरल कॉफी मुरलेली लागते. तिच्यात फळ आहे, पण ते ताजं फळ नाही. दिवस खाल्लेलं, स्वतःच्या रसात बसून राहिलेलं फळ आहे.

हे शब्द कोऱ्या जिभेवर बसवायला मी एक साधा सराव केला, तो कुणालाही करता येईल. चार पेले कोमट पाणी. एकात लिंबाचे थेंब, एकात हिरव्या सफरचंदाचा रस, एकात व्हिनेगर, एकात दह्यावरची निवळ. इतकं कमी की जेमतेम कळावं. लिंबातलं सायट्रिक आम्ल पुढे, जिभेच्या कडांना, आणि पटकन जातं. सफरचंदातलं मॅलिक थोडं लांबतं, तोंडाला पाणी सुटतं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक जिभेपेक्षा आधी नाकात जातं. निवळीतलं लॅक्टिक मऊ, जवळजवळ साईसारखं. पहिली दोन आम्लं बी स्वतः घेऊन येतं. पुढच्या दोघांच्या खुणा बहुतेक वेळा सूक्ष्मजीव मागे ठेवतात. हा सराव चार दिवस केल्यावर मी मैत्रिणीचा तो कप आठवून पाहिला आणि मला उत्तर देता आलं. नाकात आधी आलं होतं. आंबवलेली होती.

नॅचरल गोड का लागते, याचं एक उत्तर मी अनेकांना छातीठोकपणे दिलं होतं: फळातली साखर वाळताना बीत झिरपते. ते इतकं सरळ नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथल्या दिर्क झेल्मार आणि गेरहार्ड बीटोफ यांनी सहकाऱ्यांबरोबर या प्रश्नावर काम केलं. त्यांचा मुद्दा वाचून मी थोडा वेळ पुढे काही वाचूच शकले नाही: बी जिवंत असतं. फळ तोडलं म्हणून ते मरत नाही. साल काढून पाण्यात टाकलं की त्याला रुजायची वेळ आली असं वाटतं आणि ते अंकुरण्याच्या तयारीला लागतं. टाकीत हवा कमी पडली की जगायला लागणाऱ्या ऊर्जेसाठी स्वतःतली साधी साखर, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, वापरून टाकतं. म्हणून वॉश्ड बीत या साखरा नॅचरलपेक्षा बऱ्याच कमी सापडतात. सुक्रोजवर मात्र फारसा परिणाम होत नाही. अख्ख्या फळात वाळणाऱ्या बीचं आयुष्य वेगळं. तिथे अंकुरणं उशिरा सुरू होतं आणि पाणी कमी पडत जाण्याचा ताण बी जास्त सोसतं. तो ताण मोजताही येतो, कारण दुष्काळात सापडलेलं झाड जे गाबा नावाचं द्रव्य साठवतं ते नॅचरल बीत जास्त मिळतं.

म्हणजे मी जिला प्रक्रियेची चव म्हणत होते तिच्यात बाहेरून आत गेलेलं काही असेल, सूक्ष्मजीवांनी घडवलेलं बरंच असेल, पण एक भाग बीने स्वतः त्या दिवसांत जे केलं त्याचाही आहे. पाण्यात बुडालेल्या बीने वेगळे दिवस काढले, उन्हात सुकणाऱ्या बीने वेगळे. हे कळल्यापासून वॉश्ड कॉफीला 'काही न केलेली, शुद्ध, मातीची खरी चव' म्हणणं मी सोडून दिलं. वॉश्डही आंबवलेलीच असते. तिथे फक्त काम झाल्यावर धुऊन टाकतात.

यात मला सगळ्यात अवघड गेली ती हनी, अजूनही जाते. कोस्टा रिकात तिला पिवळी, लाल, काळी अशी नावं देतात. चिकट थर किती ठेवला आणि किती सावलीत, किती सावकाश वाळवली, यावर बीवरचा थर गडद होत जातो. पिवळी चाखली की वाटतं वॉश्डच आहे. काळी चाखली की नॅचरलकडे झुकते. ब्राझीलमध्ये साल काढून थरासकट वाळवलेल्या कॉफीला पल्प्ड नॅचरल म्हणतात आणि ती आणखी वेगळीच, सुक्या मेव्यासारखी, जाड, शांत. हनी म्हणजे एक चव नाही, हे स्वीकारायला मला वेळ लागला. मी तिच्यात आता एकच गोष्ट शोधते: आंबटपणा गोडव्यात कुठे विरतो ती जागा.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाची कॉफी मात्र एका घोटात ओळखता आली. तिथे टरफल वाळायची वाट न बघता, बीत तीस-पस्तीस टक्के ओल असतानाच ते फोडून काढतात आणि उघडं बी वाळवतात. त्या पद्धतीला गिलिंग बासाह म्हणतात. आंबटपणा खाली बसलेला, घोट जड, आणि चव मातकट, ओल्या लाकडासारखी. मातकट हा दोषाचा शब्द नाही; ती मातकट चव आवडणारे लोक दुसरं काही पीत नाहीत. आपल्याकडच्या मान्सून्ड मलबार कॉफीचीही गंमत तशीच. तिथे वाळलेलं बी पावसाळी वाऱ्यावर महिनोन्महिने पसरून फुगवतात, ते फिकट पिवळं पडतं, आंबटपणा जवळजवळ जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना दमट हवेने जे आपोआप व्हायचं, ते आता जाणूनबुजून करतात. या दोन कपांनी मला वेगळंच शिकवलं: आंबटपणा नसण्यालाही एक आकार असतो.

आता टाक्यांबद्दल, कारण हल्ली सगळे त्याबद्दलच विचारतात. २०१५ मध्ये सिएटलला झालेली जागतिक बरिस्ता स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या साशा सेस्टिकने जिंकली, ती वाइनच्या धंद्यातून उचललेल्या कार्बोनिक मॅसरेशनने तयार केलेल्या कॉफीवर. बंद टाकी, कार्बन डायऑक्साइड, हवा बाहेर. त्यानंतर ॲनेरोबिक, म्हणजे हवेविना आंबवलेली, हा शब्द पाकिटांवर सर्रास दिसायला लागला. मी अशा बऱ्याच कॉफ्या चाखल्या आहेत. काही फार सुंदर होत्या, आंबटपणा दह्याच्या निवळीसारखा मऊ आणि मागे पिकलेलं अननस. पण कितीतरी कपांत मला फक्त टाकी लागली. तीन वेगवेगळ्या देशांच्या तीन ॲनेरोबिक शेजारी ठेवल्या होत्या आणि तिघी सख्ख्या बहिणी वाटल्या. झाड, उंची, तो मळा, सगळं कुठेतरी खाली दबलेलं. मला ते आवडत नाही, आणि टाकीत फळं किंवा मसाले घालून आंबवलेली कॉफी पाकिटावर तसं न सांगता विकणं तर मला मुळीच पटत नाही. पिणाऱ्याला चव कुठून आली ते कळलं पाहिजे. बीने केली, जिवाणूंनी केली की दालचिनीने केली.

आणि एक गोष्ट, जी आठवली की आजही वाईट वाटतं. हे सगळं शिकायच्या आधी मी एक नॅचरल विकत आणली होती. विकणाऱ्याने सांगितलं, फार फ्रूटी आहे, सगळ्यांना पेलत नाही. मी दोन आठवडे ती रोज प्यायले. आवडत नव्हती, तरी दोष माझ्या जिभेचा धरला. ती पाहुण्यांनाही दिली आणि वर समजावून सांगितलं की नॅचरल अशीच असते. अलीकडे तेच नाव पुन्हा दिसलं म्हणून थोडी आणली आणि कप कोमट होईपर्यंत थांबले. पहिल्यांदा दारूसारखा भपका. मग व्हिनेगर, थेट नाकात. आणि अगदी शेवटी, कप जवळजवळ गार झाल्यावर, सडक्या कांद्यासारखा वास. ती मुरलेली नव्हती, आंबवलेलीही नव्हती. आंबून गेली होती. त्या वेळी माझ्या जिभेला ते कळलं होतं. मी तिला बोलू दिलं नाही. त्या पाहुण्यांतली एकजण त्यानंतर काळ्या कॉफीला कधी हात लावत नाही, आणि ती कॉफी मी भाजलेली नसली तरी पाजलेली मीच आहे. पुढच्या वेळी ती येईल तेव्हा मी तिच्यासाठी वॉश्ड करणार आहे.

गेल्या रविवारी नवऱ्याने पुन्हा आठ संच मांडले. त्याच मळ्याची, नव्या तोडणीची तीन पाकिटं. या वेळी कप ओतल्यावर मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि वीस मिनिटांनी आले. आठापैकी सात. चुकलेला संच सहावा होता: दोन वॉश्ड, एक हनी. तो बुडाच्या खुणा पुसायला लागला तसं त्याला म्हटलं, थांब, हे तीन कप राहू देत.

तिन्ही एव्हाना पूर्ण गार झाले होते. चमचा धुतला आणि डावीकडून सुरुवात केली. पहिला, धार, संपला. दुसरा, धार, संपला. तिसरा तोंडात घेऊन खूप वेळ थांबले, गिळला, आणि मग नाकातून हळूच श्वास सोडला. तिथे होतं ते. आंबटपणा जिथे तुटायला हवा होता तिथे तुटला नाही, थोडा पुढे सरकला, गोड झाला आणि मग गेला. वहीत सहाव्या संचापुढे मी एक उतरती रेघ काढली.